सरळ केसांना वळण : एका एकांकिकेच्या केशभूषेच्या नोंदी

६ जुलै, रविवार

आज कॉलेजच्या स्पर्धेतल्या एकांकिकेचं वाचन झालं. संहिता मुलांनीच लिहिली आहे. काळ १९४१, जागा पुण्यातली एक भाड्याची खोली. फिल्म कंपनीत दुय्यम कामं करणारी एक नटी, तिला दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदाच नायिका म्हणून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचंय. कंपनीचं नाव संहितेत कुठे येत नाही, पण १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली त्यानंतरची वर्षं मुलांच्या डोळ्यांसमोर आहेत, हे ऐकताना जाणवत होतं. वेशभूषा एका ज्युनियर मुलीकडे, केशभूषा माझ्याकडे. कॉलेज सोडून अकरा वर्षं झाली, तरी जुलै आला की मुलं फोन करतात आणि मी ऑफिस सुटल्यावर तालमीला जाऊन बसते.

त्या काळातल्या नट्यांचे फोटो संध्याकाळभर पाहिले. भांगापासून निघालेली लाट कानाजवळ चापून बसवलेली, आणि खाली मानेवर वळलेल्या बटा. आमच्या नायिकेचे केस याच्या नेमके उलट. खांद्याखाली चांगले वीतभर, काळेभोर आणि सरळसोट. रबरबँड लावला तर पाच मिनिटांत घसरून खाली येतो.

टोप हा सोपा मार्ग होता. भाड्याने एक कुरळा टोप आणून तिला घालूनही पाहिला. नायलॉनची चकाकी दिव्याखाली लगेच ओरडते, आणि कपाळाजवळची कड पहिल्या तीन रांगांना दिसणारच. त्यातही खरी अडचण संहितेत आहे. शेवटाकडे ती आरशासमोर बसून स्वतःच्या केसांतून बोटं फिरवते आणि त्यावर तिचं मोठं स्वगत आहे. टोपातून बोटं फिरवता येत नाहीत. म्हणजे केस तिचेच हवेत.

मी तिला तीन गोष्टी कबूल केल्या : केस कापणार नाही, रसायन लावणार नाही, जाळणार नाही. डिसेंबरात तिच्या मामेबहिणीचं लग्न आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, आत्ता कापलेले तोवर परत येत नाहीत.

९ जुलै, बुधवार

केसांची पाहणी. मागची एक बट वेगळी काढून तिला मुळाशी लाल दोरा बांधला आणि टेप लावला : ५२ सेंटिमीटर. आता प्रत्येक प्रयोगात हीच बट मोजायची. वळण बसलं की बट आखडते, सुटलं की लांबते. ‘छान दिसतंय’, ‘जरा पडलंय’ असल्या शब्दांपेक्षा हे बरं.

सरळ केस वळण धरत नाहीत याची कारणं तिलाही समजावून सांगितली, कारण डोकं तिचं आहे. सरळ केस आडवा कापला तर साधारण गोल दिसतो, कुरळा चपटा, लंबगोल. गोल केसाला अमुक एका बाजूला वाकण्याची ओढच नसते. पण केसाच्या केराटिन या प्रथिनात दोन तऱ्हेचे बंध असतात. गंधकाचे बंध पक्के, ते पाण्याने तुटत नाहीत, त्यांना पार्लरमधल्या पर्मिंगसारखं, म्हणजे केस कायमचे कुरळे करण्याचं, रसायन लागतं. दुसरे हायड्रोजनचे, ते कच्चे. पाणी लागलं की सुटतात, केस वाळला की ज्या आकारात वाळला त्या आकारात पुन्हा जुळतात. उशीवर ओले केस घेऊन झोपलं की सकाळी एका बाजूला जी घडी पडलेली असते, ती हीच. आपलं सगळं काम या कच्च्या बंधांवर चालणार.

ती लगेच म्हणाली, “मग ताई, पावसात ते परत सुटणार ना?” प्रश्न बरोबर होता. तीनशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मागवलं.

१३ जुलै, रविवार

पहिला प्रयोग, कर्लिंग टाँग, म्हणजे केस गुंडाळायची विजेवर तापणारी सळई. तापमान १७० अंश सेल्सिअस, याच्या वर जायचं नाही असं ठरवलं होतं. केस आदल्या दिवशी धुतलेले, पूर्ण कोरडे. ही अट मी कधीच मोडत नाही. ओल्या केसावर तापलेली सळई ठेवली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात बारीक फुगे धरतात, मग केस तिथेच तुटतो. टाँगमधून चुर्र आवाज आला तर ती केस भाजल्याची खूण समजायची.

अंगठ्याएवढी जाड बट, आठ सेकंद, सोडली. वळण सुरेख आलं. पंचवीस बटा झाल्या तेव्हा ती आरशात बघून हसली, आणि मीही खूश. दोऱ्याची बट ३७ सेंटिमीटर.

अर्ध्या तासाने ४३. एक तासाने ४८. दीड तासाने फक्त टोकं वाकलेली होती. घरातली आर्द्रता ८१ टक्के.

१५ जुलै, मंगळवार

टाँग पुन्हा, एक बदल करून. बट टाँगवरून उतरवली की खाली सोडायची नाही, गरम असतानाच बोटाभोवती गुंडाळून डोक्याला चिमट्याने लावायची आणि गार होऊ द्यायची. वळण गार होताना पक्कं होतं, तापताना नाही. गरम बट सोडली की ती स्वतःच्या वजनाने ओढली जाते आणि तशीच गार होते. रविवारी मी नेमकं हेच करत होते. आज दीड तासाने ४३. निदान पाच सेंटिमीटरचा फरक फक्त थांबण्याने पडला. तरी तीन तासांचं काम आहे हे, आणि दर तालमीला हे केस १७० अंशांवर धरायची माझी तयारी नाही.

१९ जुलै, शनिवार

चिंध्या. माझी आजी सांगायची, शाळेच्या गॅदरिंगच्या आदल्या रात्री मुलींचे ओले केस चिंध्यांवर गुंडाळून ठेवायचे. आईची विरलेली सुती साडी फाडून दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब पट्ट्या केल्या. साडी जुनीच हवी, नवं कापड पाणी शोषत नाही आणि गाठही सरकते. बटेचं टोक पट्टीच्या मध्यावर ठेवायचं, टोक आत दुमडून मुळापर्यंत गुंडाळत न्यायचं, पट्टीच्या दोन्ही शेपट्यांची गाठ. बावीस चिंध्या बांधून ती घरी गेली, डोक्यावर आईची ओढणी.

२० जुलै, रविवार

सकाळी दहाला सोडल्या. वळण टाँगपेक्षा घट्ट आणि जिवंत : ३४. पण मुळाशी केस सपाट, खाली एकदम स्प्रिंगा. गाठीशेजारी केस मोडल्यासारख्या घड्याही दिसतात. १९४१ ची लाट मुळापासून सुरू होते, चिंधीने ती येत नाही. तीन तासांनी ४२.

रात्री झोप लागली नाही म्हणाली. शाळेतल्या मुलीसाठी चिंध्या उत्तमच, ज्यांना घरी करून बघायचंय त्यांना मी आधी हेच सांगेन. आमच्या कामाच्या नाहीत.

तिच्या आईचा फोन आला होता. त्यांना वाटलं मी केस कायमचे कुरळे करतेय. “काकू, एकदा पाण्याखाली धरले की होते तसे सरळ,” असं सांगितलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांची काळजी मला कळते. पर्मिंगचा जन्मच मुळी केस जाळून झालाय. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कार्ल नेसलर या जर्मन केशभूषाकाराने लंडनमध्ये तापलेल्या पितळी नळ्यांवर केस गुंडाळून कायमचं वळण बसवून दाखवलं, पण त्याआधीचे प्रयोग त्याने बायकोच्या डोक्यावर केले होते आणि तिचे केस जळून गेले होते. आजची रसायनं पुष्कळ सौम्य आहेत. तरी एका एकांकिकेसाठी गंधकाचे बंध तोडायचे नाहीत, हे माझं पक्कं आहे.

२६ जुलै, शनिवार

आता त्या काळाच्याच पद्धतीकडे. पिनकर्ल. इंचभर चौकोनातली बट विंचरून टोकाकडून बोटाभोवती गुंडाळत यायचं, मुळाशी पोचलं की बोट काढून घ्यायचं, आणि ते चक्र डोक्याला सपाट चिकटवून दोन पिना फुलीसारख्या लावायच्या. जिलबी घालतात तसंच, फक्त बाहेरून आत.

सगळ्या बटा एकाच दिशेने वळवल्या तर नुसते कुरळे केस मिळतात. लाट हवी असेल तर पहिली ओळ घड्याळाच्या काट्यांसारखी, दुसरी उलटी, तिसरी पुन्हा सरळ. दोन उलट ओळींच्या मधल्या जागेत केस दुमडतो आणि लाटेचा कणा तयार होतो. हे मला चिंध्यांवर कधीच मिळालं नसतं.

धरण्यासाठी जवसाचा चिक केला. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर आठेक मिनिटं, सतत ढवळत. चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार सुटली की गॅस बंद आणि गरम असतानाच गाळायचं. मी पहिल्या खेपेला फोन घ्यायला गेले, परत येईपर्यंत ते इतकं घट्ट झालं होतं की पंचातून थेंब उतरेना. दुसऱ्या खेपेला जुन्या पातळ मोज्यातून पिळलं. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. बाजारातल्या पुष्कळ जेलांत ग्लिसरीन असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात ते नको.

ओल्या केसांना चिक लावून बत्तीस चक्रं घातली, चौसष्ट पिना. वेळ एक तास पन्नास मिनिटं.

२७ जुलै, रविवार

फसलं. रात्रभरात चक्रं वरून वाळली, आतून नाही. पहिली पिन काढली आणि बट हातात घेतली तर मधला भाग बोटांना गार लागला. केस गार लागतो म्हणजे त्यातलं पाणी अजून उडतंय. सोडल्याबरोबर बट लोंबली, ४६. सपाट बसवलेल्या चक्राच्या मध्यापर्यंत हवा पोचत नाही, आणि बाहेर ८८ टक्के आर्द्रता असताना ती हवा तरी काय वाळवणार! ती सकाळी सहाला उठून, डोक्यात चौसष्ट पिना घेऊन भर पावसात बसने आली होती. मला फार वाईट वाटलं. तिला थालीपीठ करून घातलं आणि केस धुऊन दिले.

२ ऑगस्ट, शनिवार

या आठवड्यात एवढाच विचार डोक्यात होता : पाणी आत कोंडलं जातंय तर मुळात घालायचंच कमी. हायड्रोजनचे बंध सुटायला केस निथळत असायची गरज नाही, दमट असला तरी भागतं.

आज केस आदल्या दिवशी शिकेकाईने धुतलेले. कंडिशनर नाही, तेल नाही, कारण गुळगुळीत केस पिनेतून निसटतो. पूर्ण कोरड्या केसाच्या एकेका बटेवर स्प्रेच्या बाटलीतून दोनच फवारे, बोटाच्या पेराएवढा चिक, विंचरून चक्र. मग जुन्या मलमलीच्या ओढणीची सैल टोपी शिवली होती ती डोक्यावर, एका भोकातून ड्रायरचं तोंड आत, सर्वांत कमी तापमानावर वीस मिनिटं. मधूनमधून हात घालून बघत होते. ड्रायर बंद केल्यावर अर्धा तास तशीच बसवली, गार होऊ दिली.

एक चाचणीची बट मानेजवळून सोडली. वरच्या ओठाला लावून पाहिली. बोटांपेक्षा ओठाला ओल लवकर कळते. कोरडी. मग बाकीच्या.

सोडल्यावर क्षणभर दोघी गप्प. मेंढीसारखं डोकं झालं होतं. सगळीकडे घट्ट कडी. तिचा चेहरा पडला, पण हे असंच व्हायला हवं. मऊ केसांचा ब्रश घेतला आणि मुळापासून टोकापर्यंत न घाबरता विंचरत गेले. पाचव्या-सहाव्या हाताला कड्या एकमेकींत मिसळायला लागल्या. डावा तळहात कपाळाशी दाबून धरला, ब्रश मागे ओढला, आणि भांगापासून कानापर्यंत एक लाट उठली. मग तिच्या खाली दुसरी. फोटोतली. हात थांबलाच माझा. तिने आरशात बघून हळूच मान वळवली, आणि वळवताना ती आमची नायिका राहिली नव्हती, त्या खोलीतली बाई होती.

दोऱ्याची बट ३६. दोन तासांनी ४०.

५ ऑगस्ट, मंगळवार

सलग तालीम, पंख्याशिवाय. केस साडेपाचला तयार, तालीम सातला सुरू. चौतिसाव्या मिनिटाला ती आरशासमोर बसली तेव्हा लाट गेलेली होती. बट ४७. घामाचं पाणी मुळांत जातं आणि तिथे बंध सुटतात. शिवाय ती पहिल्या प्रवेशात पाण्याची बादली उचलते, दोनदा धावते. स्पर्धेत तर आधी मेकअप, मग सेट लागेपर्यंत विंगेत थांबणं. केस सोडल्यापासून स्वगतापर्यंत तीन तास सहज जाणार.

हेअरस्प्रे मारून बघ, असं सगळे म्हणतात. मारला. केस कडक झाले, तिची बोटं त्यात अडकली आणि स्वगतात ती दोनदा थांबली.

रात्री घरी येऊन या नोंदी पहिल्यापासून वाचल्या. प्रत्येक प्रयोगात बट पिनेत असेपर्यंत पक्की आहे, सुटली की घड्याळ सुरू. मग ती इतक्या लवकर सोडतो कशाला? संहितेतल्या बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी शूटिंगला जायचंय. रात्रीच्या त्या वेळी तिचे केस पिनांतच असणार ना!

६ ऑगस्ट, बुधवार

दिग्दर्शकाशी बोलले. आधी तयार नव्हता. “ताई, अर्धा तास नायिका डोक्याला पिना लावून फिरणार? सुंदर कधी दिसणार मग?” मी म्हटलं, स्वगताच्या वेळी, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तो बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत बसला. मग म्हणाला, करून बघू.

एक अडचण होतीच. चौसष्ट पिना रंगमंचावर निघणार नाहीत, स्वगत अडीच मिनिटांचं आहे. चक्रं मोठी करून अठरावर आणली. मागची दहा चक्रं एकेका चिमट्यावर, त्यांवर रेशमी रुमाल मानेशी बांधलेला. पुढची आठ एकेका पिनेवर. तिसाव्या मिनिटाला अंधार होतो, ती डाव्या विंगेत येते. तेव्हा मी रुमालाखाली हात घालून मागचे दहा चिमटे काढायचे. पुढच्या आठ पिना ती स्वतः काढणार, बोलता बोलता.

१० ऑगस्ट, रविवार

रंगीत तालीम. अंधारातले दहा चिमटे : पहिल्यांदा ७० सेकंद, चौथ्यांदा ४१. अंधार ५० सेकंदांचा आहे. प्रत्येक चिमट्याचं तोंड उजवीकडे ठेवलं, म्हणजे न बघता हाताला सापडतं.

आणि एक गोष्ट जी आमच्यापैकी कुणी ठरवली नव्हती. पिना ठेवायला प्रॉपर्टीतली पितळी वाटी दिली होती. पहिली पिन तिने वाटीत टाकली आणि टण् असा बारीक आवाज झाला. संगीत देणारा मुलगा मागच्या रांगेतून ओरडला, “इथपर्यंत ऐकू आलं!” तिने दुसरी पिन थांबून टाकली. तिसरी वाक्याच्या शेवटी. आठही पिनांच्या जागा आता संहितेत लिहिल्या आहेत. दिग्दर्शकाने त्या ठिकाणचं पार्श्वसंगीत काढून टाकलं. मी चिमटे आणि पिना अशी सरमिसळ केली होती ती फक्त घाईसाठी. प्लॅस्टिकचे चिमटे पुढे लावले असते तर हा आवाज आलाच नसता.

ब्रश मात्र तिलाच करावा लागणार. तीन संध्याकाळी तिला हेच शिकवतेय : तळहात कपाळाशी, ब्रश मागे, घाई नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पिशवी भरली. पिना पन्नास, चिमटे वीस, दोन ब्रश, शेपटीची फणी, ड्रायर, मलमलीची टोपी, कालच केलेला चिक छोट्या बाटलीत, एक्स्टेन्शन बोर्ड, लाल दोरा, टेप. परवा रात्री डोक्याला तेल लावू नकोस, असा निरोप तिला आणि वेगळा तिच्या आईला.

१७ ऑगस्ट, रविवार

सदाशिव पेठेतल्या नाट्यगृहात प्राथमिक फेरी. सकाळपासून झिमझिम. ग्रीनरूममध्ये यंत्र ८६ दाखवत होतं. अडीचला चक्रं घालायला बसलो, साडेतीनला टोपी, चार वाजता सगळं वाळून गार. आमचा नंबर सातला होता, लागला आठला. चार तास ती त्या अठरा चक्रांत बसून होती, आणि मला पहिल्यांदाच उशिराची भीती वाटली नाही.

अंधारातले दहा चिमटे ४३ सेकंदांत निघाले. नववा केसात अडकला होता, तो मी न ओढता उघडून काढला. ती पुन्हा उजेडात गेली. मी विंगेतल्या काळ्या पडद्यामागून फक्त तिची पाठ बघत होते.

पहिली पिन. टण्. दुसरी. प्रेक्षागृहात कुणीतरी खोकत होतं ते थांबलं. आठवी पिन तिने ठरल्यापेक्षा बराच वेळ हातात धरून ठेवली, मग टाकली. रुमाल ओढला, ब्रश घेतला, तळहात कपाळाशी दाबला. पहिल्या हाताला काही झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या हाताला लाट उठली, आणि तिने ब्रश खाली ठेवून त्या लाटेतून बोटं फिरवली. बोटं कुठेही अडली नाहीत.

पडदा पडल्यावर ग्रीनरूममध्ये लाल दोऱ्याची बट मोजली : ३८ सेंटिमीटर. वाटीत आठ पिना. चिमटे नऊच भरले, दहावा डाव्या विंगेत फळीच्या फटीत सापडला. ती म्हणाली, “ताई, आज रात्री केस नाही धुतले तर चालेल ना?”